हाफ-बॅकची जागा

(आपल्या धर्मग्रामाच्या रौप्यमहोत्सवानिमित्त भरविलेल्या क्रीडादिनी, बक्षीस समारंभापूर्वी दिलेले व्याख्यान)



आजच्या मंगल प्रसंगी चार शब्द बोलण्याची आज्ञा मला झाली, तेव्हा माझ्या मनात प्रथम संकोचच उत्पन्न झाला. मी विद्वान नव्हे आणि वक्ता तर मुळीच नव्हे. गळ्यात शिट्टी अडकवून मुलांच्या मागे मैदानभर धावणे, एवढाच माझा व्यवसाय. तेव्हा मोठमोठ्या विषयांना हात घालण्यापेक्षा ज्या गोष्टीत माझी हयात गेली तिच्याविषयीच बोलावे, असे मी ठरविले. विषय अगदी लहान आहे. फुटबॉलच्या संघात बचावफळीच्या पुढे आणि आघाडीच्या फळीच्या मागे जो एक गडी उभा असतो, ज्याला आमच्या वेळी हाफ-बॅक म्हणत व ज्याला हल्ली बचावात्मक मध्यरक्षक असे लांबलचक नाव मिळाले आहे, त्याची योग्यता आपण ओळखत नाही, एवढेच मला सांगावयाचे आहे.

आज सकाळी या मैदानावर मुलांचा सामना झाला तो आपण सर्वांनी पाहिला. सामना संपल्यावर उशिरा आलेली मंडळी काय विचारीत होती? 'गोल कोणी केला?' हाच एक प्रश्न मी निदान दहा जणांच्या तोंडून ऐकला. ज्या मुलाने गोल केला त्याला खांद्यावर घेतले, त्याची छबी काढली, त्याच्या आईच्या डोळ्यांत आनंदाश्रू आले. हे सर्व योग्यच झाले. त्यात मला यत्किंचितही दोष काढावयाचा नाही. परंतु ज्या मुलाने त्या गोलाच्या आधी आपल्याच अंगणात प्रतिपक्षाच्या पायातून चेंडू काढून घेतला, दोन पावले पुढे नेला आणि सरळ मार्गाने पुढच्या गड्याला दिला, तो मुलगा नळाखाली पाय धूत एकटाच उभा होता. त्याला कोणी काही विचारले नाही, आणि विचारावयास हवे होते असे त्यालाही वाटले नसावे.

आपला बीड जिल्हा हा काही फुटबॉलचा जिल्हा नव्हे. येथे कुस्तीचे आखाडे आहेत, कबड्डी आहे, खो-खो आहे, आणि क्रिकेटने तर गल्लोगल्ली ठाण मांडले आहे. आपल्या काळ्या जमिनीला उन्हाळ्यात भेगा पडतात आणि पावसाळ्यात तीच जमीन पाय धरून ठेवते. अशा भूमीवर फुटबॉलचे मैदान राखणे म्हणजे परीक्षाच. त्यात दिवाळी झाली की अर्धे गाव कोयता घेऊन ऊसतोडीला साखर कारखान्यांकडे निघते. जून महिन्यात जमविलेला संघ डिसेंबरात शोधूनही सापडत नाही. तरीही वसतिगृहाच्या अंगणात संध्याकाळी चेंडू उडतोच, आणि प्रत्येक मुलगा म्हणतो, 'सर, मी फॉरवर्ड खेळणार.' अकरांपैकी अकरा मुले फॉरवर्ड. उरलेल्या जागा मी चिठ्ठ्या टाकून भरतो, आणि ज्याच्या नावाची चिठ्ठी मधल्या जागेसाठी निघते त्याचे तोंड शिक्षा झाल्यासारखे होते.

हा हाफ-बॅक करतो तरी काय, हे प्रथम थोडक्यात सांगितले पाहिजे. कारण जे दिसत नाही त्याची स्तुती करून उपयोग नाही, ते दाखवून दिले पाहिजे.

वडीलधाऱ्या मंडळींना आट्यापाट्यांचा खेळ आठवत असेल. आडव्या पाट्या धरणारे गडी आपापल्या पाटीवर असतात, पण मधोमध उभी जाणारी जी सूरपाटी, ती सांभाळणारा गडी साऱ्या खेळाचा कणा असतो. तो प्रत्येकाला बाद करीत नाही; तो असल्यामुळे प्रतिपक्षाला सरळ जाता येत नाही, वळसा घ्यावा लागतो, आणि त्या वळशातच इतरांना संधी मिळते. कबड्डीतही चढाई करणाऱ्याच्या नावाने टाळ्या पडतात. परंतु कोपरारक्षकाने पाय धरल्यावर धावून येऊन वाट बंद करणारा जो मध्यरक्षक, त्याच्यावाचून ती पकड सुटते. फुटबॉलमधील हाफ-बॅकचे काम याच जातीचे आहे.

त्याचे पहिले काम वाट अडविण्याचे. प्रतिपक्षाचा चेंडू मध्यरेषेवरून आत येऊ लागला की अडाणी खेळाडू त्यावर झडप घालतो. जाणता हाफ-बॅक झडप घालीत नाही. तो दोन हात अंतर ठेवून मागे मागे सरकतो, समोरच्याला बाजूच्या रेषेकडे ढकलीत नेतो आणि आपल्या बॅकना जागेवर येण्यास अवकाश मिळवून देतो. त्या चार क्षणांत त्याने चेंडूला स्पर्शही केलेला नसतो; परंतु गोल वाचलेला असतो.

दुसरे काम रिकामी जागा भरण्याचे. आपला एखादा बॅक उत्साहाच्या भरात पुढे गेला, तर त्याच्या जागी कोण उभा राहणार? हाफ-बॅक. तो परत आला की हा पुन्हा आपल्या जागी. दिवसभर दुसऱ्याच्या घराची राखण करावी आणि मालक परतताच किल्ली देऊन निघून जावे, तसे हे आहे.

तिसरे काम उडालेला चेंडू वेचण्याचे. दोन गड्यांनी उंच चेंडूवर उडी घेतली की सर्व प्रेक्षक वर पाहतात. हाफ-बॅक खाली पाहतो. कारण चेंडू कोठे पडणार याचा अंदाज त्याने आधीच बांधलेला असतो.

आणि चौथे काम, जे सर्वांत कठीण व ज्याची सर्वांत कमी वाखाणणी होते, ते म्हणजे मिळविलेला चेंडू साधेपणाने देण्याचे. चेंडू पायाशी येण्यापूर्वीच मान वळवून तो मागे कोण आहे हे पाहून ठेवतो, आणि मग पाच-दहा हातांवरील मोकळ्या सोबत्याला तो देऊन टाकतो. त्यात चमत्कार नसतो. चमत्कार दाखविण्याचा मोह आवरणे, हेच त्यातील कौशल्य होय.

बीड शहराजवळची खजाना विहीर आपणांपैकी पुष्कळांनी पाहिली असेल. निजामशाहीच्या काळात बांधलेली ही विहीर दुष्काळातही आटत नाही, अशी तिची ख्याती आहे. तिचे पाणी वर उपसावे लागत नसे. जमिनीखालून बांधून नेलेल्या मार्गाने ते दूरच्या शेतांना व बागांना पोचविण्याची योजना त्या जुन्या कारागिरांनी केली होती. ज्याने बाग पाहिली त्याने आंब्याची तारीफ केली. पायाखालून वाहणाऱ्या पाण्याकडे त्याचे लक्ष गेले नाही, कारण ते दिसावे अशी त्याची रचनाच नव्हती. संघातील हाफ-बॅक हा तो भूमिगत पाट आहे, असे मी मुलांना नेहमी सांगत असतो.

या जागेची अशी उपेक्षा पूर्वीपासून होती काय? वास्तविक पाहता, नव्हती. जुन्या काळी संघाची मांडणी दोन बॅक, तीन हाफ आणि पाच फॉरवर्ड अशी असे, आणि तीन हाफपैकी मधला, म्हणजे सेंटर-हाफ, हाच बहुधा संघाचा प्राण समजला जाई. पुढे १९२५ साली ऑफसाइडचा नियम बदलला. त्यापूर्वी चेंडू दिला जात असताना पुढच्या गड्याच्या आणि गोलच्या दरम्यान प्रतिपक्षाचे तीन खेळाडू असावे लागत. ते दोनवर आले. आघाडीच्या खेळाडूंना रान मोकळे झाले व गोलांचा पाऊस पडू लागला. तेव्हा इंग्लंडातील आर्सेनल संघाचे व्यवस्थापक हर्बर्ट चॅपमन यांनी सेंटर-हाफला मागे ओढून दोन बॅकच्या मध्ये उभे केले. तेव्हापासून मधल्या जागेवरील गड्यांवर कामाचा बोजा वाढत गेला, आणि लोकांची दृष्टी मात्र गोल करणाऱ्यांकडेच वळत गेली.

परदेशाची उदाहरणे मी पुढे देईन. परंतु त्याआधी आपल्याच माणसाची गोष्ट सांगणे माझे कर्तव्य आहे. मूळचे गोव्याचे आणि मुंबईच्या मैदानांवर नावारूपास आलेले फोर्तुनातो फ्रँको हे नाव आपणांपैकी किती जणांनी ऐकले आहे? हात वर करा, असे मी म्हणणार नाही. कारण मलाच ते नाव फार उशिरा कळले. मुंबईत टाटांच्या फुटबॉल संघाकडून ते खेळले. १९६० च्या रोम ऑलिंपिकसाठी निवडलेल्या भारतीय संघात ते होते, परंतु तेथे त्यांना मैदानात उतरण्याची संधी मिळाली नाही. दोन वर्षे त्यांनी वाट पाहिली.

१९६२ साली जकार्ता येथे आशियाई क्रीडास्पर्धा भरल्या. गोवा मुक्त होऊन तेव्हा वर्षही पुरे झाले नव्हते. भारतीय संघाचे प्रशिक्षक हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम होते आणि कर्णधार चुनी गोस्वामी. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने आपला दोन गोलांनी पराभव केला. पुढे थायलंडविरुद्ध ४-१, जपानविरुद्ध २-० व उपांत्य सामन्यात दक्षिण व्हिएतनामविरुद्ध ३-२ असे विजय मिळवून आपला संघ अंतिम सामन्यास पोचला. समोर पुन्हा तोच दक्षिण कोरिया. त्यावेळी इस्रायल व तैवान यांना स्पर्धेबाहेर ठेवल्यावरून वाद उत्पन्न झाला होता, आणि भारतीय प्रतिनिधीने त्याविरुद्ध मत दिल्यामुळे यजमान प्रेक्षक आपल्या संघावर अतिशय चिडलेले होते. ४ सप्टेंबर १९६२ रोजी सुमारे एक लाख माणसांच्या प्रतिकूल गर्जनेत आपली मुले मैदानात उतरली.

त्या दिवशी आपल्या संघात मधल्या जागी दोघेच होते: प्रशांत सिन्हा आणि फ्रँको. पुढे पी. के. बॅनर्जी, चुनी गोस्वामी, तुलसीदास बलराम, युसुफ खान आणि, मूळचा बॅक असूनही डोक्याला टाके पडलेल्या अवस्थेत आघाडीस खेळविलेला, जर्नेलसिंग. सतराव्या मिनिटास बॅनर्जींनी पहिला गोल केला. विसाव्या मिनिटास फ्रँको यांनी उंच टाकलेल्या चेंडूवर जर्नेलसिंगाने दुसरा गोल केला. त्यानंतर एक तासाहून अधिक काळ ती आघाडी टिकवावयाची होती. कोरियाला केवळ एकच गोल करता आला, तोही सामना संपण्यास पाच मिनिटे उरली असता. भारताने सुवर्णपदक मिळविले. त्यानंतर आशियाई क्रीडास्पर्धेत फुटबॉलचे सुवर्णपदक भारताला पुन्हा मिळालेले नाही.

आता माझ्या विषयाचा जो गाभा, तो ऐका. १९६१ साली सरकारने अर्जुन पुरस्कार सुरू केला. १९६१ ते १९६७ या सात वर्षांत फुटबॉलसाठी दरवर्षी एकेकाचा सन्मान झाला. पी. के. बॅनर्जी, बलराम, चुनी गोस्वामी, जर्नेलसिंग, अरुण घोष, युसुफ खान आणि गोलरक्षक पीटर थंगराज, असा तो अनुक्रम. हे सातही जण जकार्त्याच्या त्या अंतिम सामन्यात खेळले होते. पुढच्या फळीतील पाचांपैकी पाचही या यादीत आहेत. गोलरक्षक आहे, एक बॅक आहे. दोन हाफ-बॅकपैकी मात्र एकही नाही. चंद्रशेखर आणि त्रिलोकसिंग हे बॅकही नाहीत, हे मी प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. आणि ज्यांना पुरस्कार मिळाले ते सर्वथा पात्र होते, हेही निर्विवाद आहे. कोणी मुद्दाम अन्याय केला, असे माझे म्हणणे नाही. माझे म्हणणे एवढेच की, अकरा गड्यांच्या चित्राकडे पाहताना देशाची दृष्टी आधी पुढे गेली, मग मागे गेली, आणि मधल्या दोघांवरून नुसतीच ओलांडून गेली.

फ्रँको पुढे १९६३-६४ च्या हंगामात संतोष ट्रॉफी जिंकणाऱ्या महाराष्ट्राच्या संघातही होते. १० मे २०२१ रोजी, करोनाच्या त्या भयंकर दिवसांत, गोव्यात त्यांचे निधन झाले. त्या दिवशी वर्तमानपत्रांत त्यांच्याविषयी चार ओळी आल्या, आणि महाराष्ट्राच्या मैदानावर वाढलेला एक सुवर्णपदकविजेता आपल्यामधून गेला, हे माझ्यासारख्या क्रीडाशिक्षकाला त्या चार ओळींवरून कळले. ही लाज माझी स्वतःची आहे.

गोव्याचेच दुसरे एक उदाहरण आपल्या मुलांच्या आठवणीजवळचे आहे. क्लायमॅक्स लॉरेन्स हा असाच मधल्या जागेचा राखणदार. गोव्याच्या डेम्पो संघाने राष्ट्रीय विजेतेपदे मिळविली, त्या काळात तो त्या संघाचा आधारस्तंभ होता. २००८ साली एएफसी चॅलेंज चषक स्पर्धेत अफगाणिस्तानविरुद्ध सामना गोलशून्य संपणार असे दिसत असता अगदी शेवटच्या घटकेस याने गोल केला आणि भारत जिंकला. पुढे ती स्पर्धा जिंकून भारताला २०११ च्या आशियाई चषकात, सत्तावीस वर्षांनंतर, प्रवेश मिळाला. त्या एका गोलामुळे लोकांना त्याचे नाव ठाऊक झाले. वर्षानुवर्षे त्याने जे गोल होऊ दिले नाहीत, त्यांची मोजणी मात्र कोणाच्या वहीत नाही. हाफ-बॅकला प्रसिद्धी मिळावयाची तर त्याने आपले काम सोडून दुसऱ्याचे काम करून दाखवावे लागते, असा हा चमत्कारिक न्याय आहे.

जगाच्या इतिहासातही हेच दिसून येते. १९५० साली ब्राझीलमधील माराकाना मैदानावर विश्वचषकाचा निर्णायक सामना झाला. यजमान ब्राझीलला बरोबरी पुरेशी होती, आणि उत्तरार्धाच्या आरंभीच त्यांनी गोल केला. त्या प्रचंड जयघोषात उरुग्वेचा कर्णधार व सेंटर-हाफ ओब्दुलिओ वारेला याने काय करावे? त्याने चेंडू उचलून काखेत धरला आणि पंचाशी हुज्जत घालीत तो सावकाश मध्यरेषेकडे चालत आला. मैदानावरील तो उन्माद थोडा निवावा, आपल्या सोबत्यांना श्वास घेता यावा, हा त्याचा हेतू. पुढे उरुग्वेने दोन गोल करून सामना जिंकला. गोल करणारे स्कियाफिनो आणि घिग्जिया जगाच्या तोंडी राहिले. परंतु तो पराभूत होऊ पाहणारा संघ ज्याने सावरून धरला, तो मधल्या जागेवरचा माणूस होता.

अगदी अलीकडच्या काळात स्पेनमधील रेआल माद्रिद या धनाढ्य संघात क्लोद माकेलेले नावाचा असाच एक मध्यरक्षक होता. संघात नामांकित तारे पुष्कळ. त्यांच्या मानाने याचे वेतन कमी. २००३ साली संघाने राष्ट्रीय विजेतेपद मिळविले. त्याच उन्हाळ्यात याने वेतनवाढ मागितली ती संघाने नाकारली, आणि तो इंग्लंडातील चेल्सी संघाकडे निघून गेला. त्याच वेळी डेव्हिड बेकम या जगप्रसिद्ध खेळाडूला माद्रिदने आणले होते. त्यानंतर स्पेनचे विजेतेपद माद्रिदला पुन्हा मिळण्यास २००७ साल उजाडावे लागले. चेल्सीने मात्र २००५ व २००६ अशी लागोपाठ दोन वर्षे इंग्लंडचे विजेतेपद पटकाविले. पराभवांना कारणे अनेक असतात, हे मी जाणतो. तथापि एका माणसाच्या जाण्याने उघडी पडलेली जागा साऱ्या जगाने पाहिली, आणि पुढे कित्येक दिवस त्या जागेलाच त्याच्या नावाने ओळखू लागले.

आनंदाची गोष्ट ही की, काळ थोडा पालटतो आहे. वर्षातील सर्वोत्कृष्ट फुटबॉलपटूला बॅलन डी'ऑर हा सन्मान १९५६ पासून दिला जातो, आणि तो बहुतेक वेळा गोल करणाऱ्यांकडेच गेला आहे. २०२४ साली तो मँचेस्टर सिटीच्या रॉड्री या स्पॅनिश मध्यरक्षकाला मिळाला. सन्मान स्वीकारण्यास तो कुबड्या घेऊन आला. कारण सप्टेंबर महिन्यातच त्याचा गुडघा जायबंदी झाला होता. त्यापूर्वी लागोपाठ चार वर्षे इंग्लंडचे विजेतेपद मिळविणारा त्याचा संघ त्या हंगामात तिसऱ्या क्रमांकावर घसरला. पाट फुटल्यावर बाग सुकू लागली, तेव्हा पाट कोठून जात होता हे लोकांच्या ध्यानी आले.

येथे कोणी म्हणेल, 'सर, हे सगळे खरे. पण गोल केल्याशिवाय सामना जिंकता येतो काय?' नाही, येत नाही. गोल करणे कठीण आहे, आणि ते ज्याला साधते त्याचा गौरव झालाच पाहिजे. फॉरवर्डला कमी लेखून हाफ-बॅकला मोठा करावा, असे मी म्हणत नाही. परंतु ज्या गौरवाचा सारा वाटा एकाच ताटात पडतो, त्या गौरवाने दुसऱ्या मुलांना काय शिकविले जाते, याचा आपण वडीलधाऱ्यांनी विचार करावा. आपल्या मुलाने न दिसणारे काम पत्करू नये, असाच धडा त्याला मिळतो. आणि मग अकराही मुले फॉरवर्ड होऊ पाहतात.

आता एक गोष्ट सांगतो. ती सांगावयास मला जड जाते. परंतु ती न सांगता वरील उपदेश करणे हा ढोंगीपणा होईल.

काही वर्षांपूर्वी माझ्या हाताखाली एक मुलगा होता. त्याचे नाव मी सांगत नाही. आईबाप दरवर्षी ऊसतोडीला जात आणि हा मागे वसतिगृहात राही. अंगाने किरकोळ, बोलणे थोडे. मी त्याला सेंटर-हाफच्या जागी उभे केले, ते खरे म्हणजे दुसऱ्या कोणाला ती जागा नको होती म्हणून. वर्षभर आमचा संघ बरा खेळला. तालुक्याच्या स्पर्धेत आम्ही अंतिम सामन्यास पोचलो. सामन्याच्या आदल्या दिवशी मी वहीत पाहिले, तर त्या मुलाच्या नावापुढे एकही गोल नाही, एकही बक्षीस नाही. मला वाटले, अंतिम सामना आहे, काहीतरी चमकदार करणारा मुलगा त्या जागी असावा. चेंडू पायाखाली छान नाचविणारा एक नवा मुलगा होता. त्याला मी घेतले, आणि या मुलाला बाहेर बसविले. त्याने एक शब्द काढला नाही. पाण्याची बादली उचलून तो रेषेपाशी जाऊन बसला.

नवा मुलगा चांगला खेळला. तीन-चार वेळा त्याने दोघादोघांना चकविले आणि लोकांनी टाळ्या वाजविल्या. परंतु प्रत्येक वेळी तो परत येईपर्यंत मधली जागा मोकळी राही. आम्ही तीन गोलांनी हरलो. तिन्ही गोल त्याच मोकळ्या जागेतून आले.

परतताना जीपमध्ये कोणी बोलत नव्हते. चेंडूंची जाळी मांडीवर घेऊन हा मुलगा माझ्या शेजारी बसला होता. गाव जवळ आल्यावर तो हळूच म्हणाला, "सर, त्यांचा सात नंबरवाला सारखा आत वळायलता. त्याला बाहेरच ठेवायचं होतं." बस्स, एवढेच. तक्रार नाही, रुसवा नाही. बाहेर बसून त्याने साऱ्या सामन्यात जे पाहिले, ते मी, शिट्टी गळ्यात घालणारा माणूस, पाहू शकलो नव्हतो.

त्या दिवाळीनंतर तो आईबापांबरोबर ऊसतोडीला गेला. पुढच्या जूनमध्ये तो शाळेत परतला नाही. घरची ओढाताण होती, धाकटी भावंडे होती. कारणे पुष्कळ असतील. त्यात माझ्या त्या निर्णयाचा वाटा किती, हे मला सांगता येत नाही. परंतु 'तू संघाला हवा आहेस' असे ज्या दिवशी त्याला सांगावयास हवे होते, त्या दिवशी मी त्याला बादली दिली. ही गोष्ट मी विसरलेलो नाही. हे व्याख्यान मी त्या मुलाच्या ऋणातून बोलत आहे, असे समजावे.

म्हणून या महोत्सवाच्या निमित्ताने माझ्या दोन विनंत्या आहेत.

पहिली विनंती आयोजक मंडळींस. आजच्या बक्षिसांत सर्वांत अधिक गोल करणाऱ्यास चषक आहे, उत्कृष्ट गोलरक्षकास चषक आहे. पुढील वर्षापासून एक लहानसा चषक मधल्या जागेच्या गड्यासाठी असावा. तो कोणाला द्यावयाचा हे ठरविण्यास वहीची नवी रीत लागेल. रेषेवर दोन मोठी मुले बसवावीत. एकाने कोणी किती वेळा चेंडू काढून घेतला ते लिहावे, दुसऱ्याने काढून घेतलेला चेंडू किती वेळा आपल्याच सोबत्याला नीट पोचला ते लिहावे. वाट अडविल्याची मोजणी अशा वहीत येणार नाही, हे मला ठाऊक आहे. तेवढ्यासाठी पंचांनी डोळे उघडे ठेवावेत. चषकाचा खर्च मी माझ्या वेतनातून देईन. तेवढे मला करू द्यावे.

दुसरी विनंती आईबापांस. मूल खेळून घरी आले की 'किती गोल केलेस?' असे विचारू नका. निदान तेवढेच विचारू नका. 'आज कोणाची जागा सांभाळलीस? चेंडू कोणाला दिलास?' असे विचारा. प्रारंभी ते गोंधळेल. चार दिवसांनी ते उत्तर शोधू लागेल, आणि उत्तर शोधता शोधता खेळाकडे निराळ्या नजरेने पाहू लागेल.

आणि बालमित्रांनो, तुम्हांस एक युक्ती सांगतो. पुढचा सामना पाहाल तेव्हा पाच मिनिटे, फक्त पाच मिनिटे, चेंडूकडे पाहू नका. बॅकच्या पुढे उभ्या असलेल्या त्या एका गड्याकडेच पाहा. तो मान कशी वळवितो, चेंडू दूर असताना कोठे सरकतो, सोबत्याला हाताने काय खुणावतो, हे पाहा. त्या पाच मिनिटांत एखादा गोल तुमच्या नजरेतून कदाचित निसटेल. तेवढे नुकसान सोसा.

आता माझे भाषण आवरतो, कारण बक्षिसे मांडून ठेवली आहेत आणि मुलांचे डोळे त्यांच्याकडे लागले आहेत. तत्पूर्वी आयोजकांच्या अनुमतीने मी एक गोष्ट करू इच्छितो. आज सकाळी नळाखाली पाय धूत उभा असलेला तो मुलगा कोठे बसला आहे? मागच्या ओळीत, खांबापाशी. बाळ, जरा पुढे ये. देण्यासारखा चषक आज माझ्याजवळ नाही. परंतु सामन्याच्या पहिल्या भागात त्यांच्या डाव्या बाजूच्या फॉरवर्डला तू तीन वेळा रेषेबाहेर नेलेस, ते मी पाहिले. एवढे सर्वांसमक्ष सांगावयाचे होते.